गाईला म्हशीचा भाव

पडद्यावर मधोमध एक भलामोठा निळा गोळा होता आणि त्याच्यावर ऋषिराजचं नाव होतं. विजयमालानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. नाव तेच.

"वर्गाचं काळीज म्हणा हवं तर," सौरभ सर सांगत होते. "बाकी सगळ्या गटांचे बाण इथं येतात. म्हणजे काय? हा एवढा भाग काढून घेतला, की तुम्ही सगळे झोपलात."

वर्ग हसला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. ऋषिराजनं मान खाली घालून लाजल्यासारखं केलं.

विजयमाला आपलं नाव शोधत होती. सापडलं. गोळ्यापासून लांब, पार कोपऱ्यात, माशी बसून गेल्यासारखे दोन ठिपके होते. एक तिच्याच गटातल्या परवीनचा, एक तिचा, दोन्ही नुसते हजेरीपटावरून घेतलेले. त्यांच्याकडून कुठं बाण जात नव्हता आणि त्यांच्याकडं कुठून येतही नव्हता.

विषयाचं नाव लांबलचक होतं, सॉफ्टवेअर इकोसिस्टिम आणि कोड रिपॉझिटरीचं मायनिंग. घरी कळंबला सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा तिनं सोपं करून सांगितलं होतं. "तात्या, एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसरा वापरतो, दुसऱ्याचा तिसरा. सगळं एकमेकांच्या आधारानं उभं असतं. आणि हे जिथं साठवतात तिथं कुणी काय लिहिलं, कुणी काय बदललं, याची खूण राहते. ती खणून काढायची."

"म्हंजे गावातल्या भानगडी उकरायच्या," तात्या म्हणाले होते. "त्याला बारामतीला कशाला जायाला पायजे?"

ती जात होती, कारण जाणं भाग होतं. इंदापूर तालुक्यातल्या एका तंत्रनिकेतनात ती इतकी वर्षं शिकवत आली होती, तेही दरसालच्या करारावर. आता नवा नियम आला होता, एम.ई. नसेल त्याचा करार पुढं होणार नाही. मग वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती जळोचीच्या पुढच्या कॉलेजात पोरासोरांच्या शेजारी येऊन बसली. बाकीचे विषय सुटले होते. हा शेवटचा. हा गेला तर नोकरी गेली.

आणि हा विषय शिकवायला आले कोण, तर सौरभ. तिच्याच हाताखाली डिप्लोमा केलेला सौरभ. तो तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला सर म्हणायची, आणि बाकीचा वर्ग मजा बघायचा.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लेखी परीक्षा नाही. सगळ्या वर्गानं मिळून दूध संकलन केंद्रासाठी सॉफ्टवेअर करायचं. एका गटानं दुधाच्या मापाचं, एकानं बिलाचं, एकानं रजिस्टरचं, एकानं शेतकऱ्याला मेसेज पाठवायचं, आणि शेवटी वर्गाच्या सगळ्या कोडचा इतिहास सर स्वतः खणून काढणार. "गुण मी देणार नाही, तुमचा इतिहास देईल. माणूस खोटं बोलतो, इतिहास बोलत नाही." तेव्हा विजयमालानं मान डोलावली होती. बरं वाटलं होतं उलट. कुणाचा भाचा नको, कुणाची ओळख नको.

तिच्या गटाकडे भाव आला. फॅट किती, गाय की म्हैस, त्यावरून लिटरला भाव किती. घरात गोठा, सासूबरोबर रोज धारेला बसणं, त्यामुळं तिला तो पाठच होता. लिहिला तिनं. सगळा. परवीननं पडद्यावर दिसायचे तक्ते केले. आणि ऋषिराजनं काय केलं, तर ते वर्गाच्या रिपॉझिटरीत टाकलं.

म्हणजे झालं असं. पहिल्या आठवड्यात विजयमाला कोड साठवायच्या साइटवर अकाउंट काढायला बसली, तर फोनवर येणारा ओटीपी येईचना. कळंबला रेंज अशीच, आली तर आली. तिनं लिहिलेली फाइल व्हॉट्सॲपवर ऋषिराजला पाठवली आणि वर लिहिलं, तूर्त तू टाकून दे रे. परवीननंही तेच केलं. मग ते तूर्त कधी संपलंच नाही. त्यात तिला वावगंही वाटलं नाही, कारण गावाकडं सगळं असंच चालतं. बारामतीला जाणाऱ्याच्या हातात चार घरांची कामं देतात. डेअरीकडं निघालेल्याच्या गाडीला शेजारच्याचाही कॅन अडकवतात, आणि घाई असली तर दूध एकाच्याच खात्यावर घालून मोकळे होतात. नंतर बघू आपापसात. दूध पोचलं ना? मग झालं.

इथंही पोचलं होतं. एकाच्या खात्यावर.

तास संपल्यावर ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, बसा ना."

"सर, भावाचा कोड मी लिहिलाय."

"मला माहीत आहे, मॅडम."

ती भांडायच्या तयारीनं आली होती. माहीत आहे!

"मग त्या ठिपक्याचं काय?"

"मला माहीत असून काय उपयोग? नोंदीत पाहिजे. पहिल्याच दिवशी बोललो होतो, ज्यानं त्यानं आपला कोड आपल्याच नावानं टाकायचा, कमिट करायचा. तुम्ही मान डोलावली होती."

तिनं फोन पुढं केला. "हे बघा. मी ऋषिराजला पाठवलेल्या फाइली. सगळ्या आहेत."

सरांनी फोनकडं पाहिलंसुद्धा नाही. "एकाला मोबाइल बघून गुण दिले, तर उद्या अख्खा वर्ग मोबाइल घेऊन दारात उभा राहील. मॅडम, या पद्धतीचं सौंदर्यच हे आहे की माणसाचा हात लागत नाही. मी यावर कॉन्फरन्सला पेपर पाठवतोय. वशिला नाही, रडारड नाही, शंभर टक्के डेटा."

"मी रडत नाहीये."

"तसं नाही म्हटलं मी."

"मी नापास झाले तर काय होईल, माहीत आहे ना?"

"आहे. वाईट वाटतं खरंच."

विजयमालाच्या तोंडात आलं होतं, तुझा प्रोग्रॅम चालत नव्हता तेव्हा जेवणाचा डबा बाजूला ठेवून कोण बसत होतं रे तुझ्याशेजारी? तेव्हा मी कुठली नोंद मागितली? पण समोर खुर्ची होती, टेबल होतं, दारावर पाटी होती. ती नुसती उठली. दार मात्र तिनं हवं त्यापेक्षा जोरात ओढलं.

ऋषिराज फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत उभा होता. परवीनही तिथंच होती, बॅग छातीशी धरून. विजयमालाला येताना बघून ऋषिराजनं कप खाली ठेवला.

"मॅडम, आधीच सांगतो, मी काय मागितलं नव्हतं. तुमीच म्हणायचा, टाकून दे."

"खरंय. तेवढंच सरांना सांग. वेगळं काही नको."

त्यानं परत कप उचलला आणि त्यात बघत बसला. "कंपनीचा इंटरव्ह्यू हाय, मॅडम. सरांनी तो ग्राफ त्यांना पाठवलाय. आता मी म्हणू का, माझं काय न्हाय त्यात?"

"मग माझं काय नाही, हे चालतं?"

"तसं न्हाय ओ." त्याचा आवाज एकदम खाली आला. "एक करू. इतिहास बदलता येतो. मागं जाऊन नाव फिरवायचं, एवढंच. दहा-बारा कमिटवर तुमचं नाव घालतो, चार-पाच परवीनला देतो. सरांना पत्ताबी लागणार न्हाय."

"दहा-बारा?"

"मग किती?"

"अरे, भावाच्या सगळ्या नोंदी माझ्या हायत!"

"सगळ्या कशा देणार?" तो मनापासून चकित झाला होता. "मग मला काय राहील?"

त्याचा हा निरागस चेहराच तिला सहन होईना. चोर असता तर बरं झालं असतं, चोराला निदान ठाऊक असतं माल कुणाचा.

"माझीच भाकरी मोडून मला चतकोर वाढतोस व्हय रे?" ती म्हणाली. टपरीवाल्यानं मान वर केली.

परवीननं तिचा हात धरला. "जाऊ द्या, मॅडम. घेऊन टाका. पास तर व्हाल."

"माझं खरं असताना मी ते खोट्या रस्त्यानं मागू? उद्या सरांना कळलं तर म्हणतील, बघा, बाईनं नोंदी फिरवल्या. तेवढं एक मात्र माझ्या नावावर लागेल."

"मग काय करणार तुमी?" ऋषिराजनं विचारलं.

तिला ठाऊक नव्हतं. घरी जाताना बसमध्ये तिला वाटलं, आपला कोड काढूनच घ्यावा. मग बोंबलू देत सगळे. पण काढणार कशी? ते खातं ऋषिराजचं. बांधलं तिनं, आणि पाडायचा हक्कसुद्धा तिच्याकडं नव्हता. खिडकीच्या गजावर तिनं इतक्या जोरात मूठ आपटली की शेजारची म्हातारी सरकून बसली.

सगळं एकत्र चालवून दाखवायचा दिवस आला. वडगाव निंबाळकरच्या एका संकलन केंद्राचे सचिव सर्जेराव आबा यांना सरांनी मुद्दाम बोलावलं होतं. पांढरा लेंगा-शर्ट, टोपी, शर्टाच्या खिशात कालच्या दुधाच्या पावत्या. आबांनी लॅबमधल्या फिरत्या खुर्चीवर बसायला साफ नकार दिला आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं.

"आबा, तुमच्या पावत्यांवरचे आकडे सांगा. बघा आमचं सॉफ्टवेअर काय भाव काढतंय," सर म्हणाले.

पहिल्या पावत्या जुळल्या. आबा मान हलवत गेले. मग एका पावतीला थांबले, चष्म्यातून पडद्याकडं बघितलं, परत पावतीकडं बघितलं.

"ह्ये चुकलंय. हितं लई भाव लागलाय."

"नसेल हो."

"नसेल कसा? गाय हाय ती, सर. तुमच्या कॉम्प्युटरनं म्हैस केली तिची."

हशा पिकला. सरांनी घाईघाईनं बिलाच्या गटाला विचारलं. बिलातही म्हैस. रजिस्टरच्या गटाकडंही म्हैस. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. मेसेजच्या गटानं पाठवलेला मेसेज आला होता आणि त्यातही म्हैसच होती. सगळ्यांचे बाण ज्या गोळ्याकडं जात होते, तिथंच गाईची म्हैस झाली होती.

विजयमालाला आकडा बघताक्षणी कळलं आणि तिचे कान तापले. आटत आलेली गाय. दूध कमी होत गेलं की फॅट चढतो, हे तिला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण लिहिताना तिनं नुसत्या फॅटवरून ठरवलं होतं, एवढ्याच्या वर गेला की म्हैस. तिची चूक. निव्वळ तिची.

"ऋषिराज, बघ रे," सर म्हणाले.

ऋषिराज यंत्रापुढं बसला. वर गेला, खाली आला, परत वर गेला. वर्ग बघत होता, आबा बघत होते. त्याच्या मानेवर घाम आला.

"सर, ही ओळ माझी न्हाय," तो म्हणाला. "हे मॅडमनी लिहिलंय."

विजयमाला उभी राहिली.

"परत म्हण."

"काय?"

"आत्ता बोललास ते. जरा मोठ्यानं, मागं ऐकू गेलं नाही."

"मॅडम, चूक तुमची हाय. मी फक्त टाकलं."

"ऐकलंत, सर?" ती पुढं आली. "आता त्या ओळीवर नाव कुणाचं आहे, ते तुमच्या यंत्राला विचारा."

"मॅडम, आपण नंतर..."

"नंतर नाही. कोणती ओळ कुणाची ते दाखवायची सोय आहे ना त्यात? तुम्हीच शिकवली. विचारा."

सरांनी विचारलं. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. पडद्यावर कोड आला आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला नाव आलं. ऋषिराज. ऋषिराज. ऋषिराज. पार तळापर्यंत.

"बरं," विजयमाला म्हणाली. "तुमचा इतिहास खोटं बोलत नसेल, तर गाईची म्हैस ऋषिराजनं केली. कापा त्याचे गुण, आणि ग्राफ पाठवला तसं हेही कंपनीला कळवा. आणि ऋषिराज खरं बोलत असेल, तर चूक माझी आहे. आहेच माझी. मी सांगते, माझी आहे. पण मग ही ओळ माझी असेल, तर तिच्या वरची कुणाची? खालची कुणाची? सबंध कोडमधली चुकलेली एक ओळ तेवढी वेचून माझ्या पदरात घालायची आणि बाकीचं पीक त्याच्या घरी न्यायचं, हे जमणार नाही!"

काहीजणांनी वळून ऋषिराजकडं पाहिलं.

"ताईंचं बराबर हाय," आबा स्टुलावरून म्हणाले. "आमच्याकडं बी तसंच हाय बगा. दुधाला बक्षीस लागलं तर खातेदाराचं. पाणी निघालं की मग म्हणत्यात, ह्यो कॅन शेजारणीचा व्हता."

कुणी हसलं नाही. ऋषिराजही नाही.

सरांनी हात वर केले, वर्गातला गलका थांबवतात तसे, गलका नसताना. "मॅडम, शांत व्हा. आधी दुरुस्ती करून घेऊ. तुम्ही सांगा काय बदलायचं, ऋषिराज टाइप करेल."

आजवर दाबून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यावर फुटलं.

"न्हाय!" हा कॉलेजातला आवाज नव्हता. गोठ्यातून रस्त्यापर्यंत जाणारा, कळंबचा आवाज होता. "अजून कळलं न्हाय का तुमाला? मी सांगायचं आणि त्यानं टाइप करायचं! ऊठ रे."

ऋषिराज उठला.

ती बसली. आधी कोडला हातच लावला नाही. आपलं अकाउंट काढायला घेतलं. नाव घातलं, पासवर्ड घातला, फोनवर ओटीपी यायची वाट बघितली. सर घड्याळाकडं बघत होते. त्यांचं बघून वर्गही बघायला लागला. तिनं कुणाकडंच बघितलं नाही. आबांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, सरांकडं बघून परत आत ठेवली, आणि म्हणाले, "आमाला काय घाई न्हाय, ताई."

ओटीपी आला. ऋषिराजनं आपल्या खात्यातून तिला परवानगी दिली, उभ्यानंच. मग तिनं दुरुस्ती केली. ती अगदी साधी होती. फॅटवरून अंदाज बांधायचा नाही, केंद्रावर विचारतात तसं विचारायचं, गाय की म्हैस. खाली कारण लिहायची जागा होती. तिथं तिनं लिहिलं, भावातली चूक माझी होती, दुरुस्त केली. आणि टाकलं. स्वतः.

सगळ्या पडद्यांवरची म्हैस एकेक करत परत गाय झाली. आबांनी पावती खिशात घातली.

वर्ग पांगल्यावर सर तिच्याजवळ आले. केबिनमधला आवाज आता नव्हता, डिप्लोमातला होता. "मॅडम, तुम्ही पास आहात. मी बघतो कसं बसवायचं ते."

"बसवू नका."

"म्हणजे?"

"मेहरबानी करून पास केलंत, तर कोपऱ्यातला ठिपका तो ठिपकाच राहिला. सगळ्यांना तोंडी विचारा. मला, त्याला, परवीनला. ज्याला जेवढं येतंय तेवढे द्या. आणि तुमच्या त्या पेपरात लिहा, आमच्याकडं एकाच्या नावावर तिघं राबतात आणि तुमच्या पद्धतीला ते दिसत नाहीत."

"त्यानं माझ्या पद्धतीचा आधारच जातो, मॅडम."

"जाऊ दे की मग!"

सौरभनं प्रोजेक्टर बंद केला. मग म्हणाला, "उद्या तोंडी परीक्षा लावतो. सगळ्यांची." पेपराचं तो बोलला नाही. तिनं ते लक्षात ठेवलं.

तिचा राग उतरला नव्हता. उतरेल असं वाटलं होतं, उतरला नाही. हे एवढं करावं का लागलं? आपल्या गोष्टीला आपलं म्हणायला आधी आपली चूक चव्हाट्यावर मांडावी का लागली? आणि ती ओळ चुकलीच नसती तर? तर आज टाळ्या वाजवून सगळे घरी गेले असते, तीसुद्धा.

परवीन दारात घुटमळत होती.

"मॅडम, भारी बोललात. मला तर घामच फुटला." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "आता तुमचं अकाउंट झालंच आहे, तर माझे तक्ते पण तुमच्याच नावानं घाला की. तुमी काय ऋषिराजसारखं करणार न्हाय."

विजयमालानं तिच्याकडं बघितलं. इतका वेळ शोधून जे उत्तर सापडत नव्हतं, ते समोर उभं होतं, बॅग छातीशी धरून, विश्वासानं.

"बस इथं."

"आत्ता? तुमची गाडी जाईल."

"जाऊ दे गाडी. बस."

परवीन खुर्चीच्या कडेवर टेकली. पडद्यानं नाव विचारलं, तिनं घातलं. ईमेल विचारला, तशी ती थांबली.

"मोठ्या भावाचा घालू, दानिशभाईचा? ॲडमिशनच्या वेळी त्यानंच भरलं होतं सगळं. कॉलेजचं त्याच्यावरच येतं."

"नाही. तुझा काढ."

"त्याला फोन नंबर लागतो, मॅडम. आणि सिमकार्ड पण भाईच्याच नावावर हाय."

विजयमालाला परत ओरडावंसं वाटलं. पण दानिश समोर नव्हता, आणि असता तरी बिचारा म्हणाला असता, मी काय मागितलं होतं का? ओरडायचं कुणावर? तिनं पर्स टेबलावर आपटली, आबांनी सोडलेलं स्टूल ओढलं आणि परवीनच्या शेजारी बसली.

"आधारकार्ड आहे बॅगेत?"

"हाय."

"मग चल. भिगवण रोडला मोबाइलचं दुकान उघडं असेल अजून. आधी नंबर घेऊ."